त्यांचं कोण करतं?

आपल्या गावाच्या नावापासूनच सुरुवात करू. इंग्रजी स्पेलिंग एकच, पण पुस्तकाचं असेल तर 'रीडिंग' आणि स्टेशनवरच्या पाटीचं असेल तर 'रेडिंग'. भारतातल्या बहुतेक नातेवाइकांनी हे नाव आधी कागदावर पाहिलं आणि मग कानांनी ऐकलं. त्यामुळे त्यांच्या लेखी आपण सगळे रीडिंगला राहतो, आणि मीही इथे तसंच लिहिते आहे. पुस्तकाचं वाचन, मीटरचा आकडा आणि टेम्स-केनेटच्या संगमावरचं हे शहर, तिन्ही एकाच स्पेलिंगात बसली आहेत. त्यातून गफलत झाली तर फार तर हसू येतं, कुणाचं काही बिघडत नाही.

ज्याच्यामुळे बिघडतं असा एक शब्द मात्र आपण इथे रोज ऐकतो. तो म्हणजे 'केअर'. टेक केअर, केअरर, केअर होम, केअर प्लॅन, इंटेन्सिव्ह केअर, चाइल्डकेअर, आय डोन्ट केअर. आपल्याकडे आईवडील सहा-सहा महिने राहायला येतात, काहींचे कायमचे आले आहेत, आणि पहिल्या पिढीतले काही जण आता स्वतःच सत्तरी ओलांडत आहेत. त्यामुळे हा शब्द मराठीत नीट सांगता येणं हा नुसता भाषेचा छंद राहिलेला नाही.

मला हे कळलं ते एका पत्रकामुळे. कुटुंबांना आणि ज्येष्ठांना इथे कुठली मदत मिळू शकते, याची माहिती देणारं दोन पानी इंग्रजी पत्रक मराठीत करायचं आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं. सोय म्हणून आधी संगणकाकडून कच्चं भाषांतर करून घेतलं. मूळ पत्रकात 'केअर' एकवीस वेळा आला होता. संगणकाने एकवीस वेळा 'काळजी' छापली.

परिणाम वाचण्यासारखा होता. कौन्सिलच्या ताब्यात असलेली मुलं झाली 'काळजीत असलेली मुले', म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची आपली मुलं. केअर होमचं झालं 'काळजी घर'. आणि एका चौकटीत ठळक अक्षरांत प्रश्न होता, 'तुम्ही काळजीवाहू आहात का?' मराठी माणसाला 'काळजीवाहू' म्हटलं की एकच गृहस्थ आठवतात. निवडणुकीचा निकाल लागल्यापासून नव्या सरकारच्या शपथविधीपर्यंत खुर्ची सांभाळणारे मुख्यमंत्री.

हसून झाल्यावर लक्षात आलं की यात चूक एकट्या संगणकाची नाही. 'केअर'ला मराठीत पहिला आठवणारा शब्द 'काळजी'च आहे, आणि तोच दोन तोंडांचा आहे. काळजी 'करणे' म्हणजे चिंता करणे. काळजी 'घेणे' म्हणजे जपणे, सांभाळणे. नाम एकच, क्रियापद बदललं की अर्थ उलटा फिरतो. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही काळजी करू नका, आम्ही काळजी घेऊ," आणि हे वाक्य आपल्याला अजिबात विचित्र वाटत नाही. इंग्रजीचा इतिहासही फारसा वेगळा नाही. जुन्या इंग्रजीत 'कारू' म्हणजे दुःख, चिंता. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' म्हणजे शोक. आधी जीव कासावीस होणं आणि मग त्यापोटी हात पुढे करणं, हा प्रवास दोन्ही भाषांनी केला. फरक एवढाच की आजच्या इंग्रजीत 'केअर' मुख्यतः हात पुढे करण्याच्या बाजूला गेला आहे, आणि आपली 'काळजी' अजून दोन्हीकडे उभी आहे.

म्हणून फोनवर गोंधळ होतो. आई म्हणते, "आमची काळजी करू नका रे." ती सांगत असते की तू तिकडे झोप उडवून घेऊ नकोस. पलीकडे इंग्रजीत विचार करायला लागलेला मुलगा ऐकतो की तिकडे सगळं ठीक आहे, काही लागत नाही. ती चिंतेबद्दल बोलते, तो व्यवस्थेबद्दल ऐकतो.

मग 'केअर' मराठीत म्हणायचं तरी काय? आम्ही पत्रक बाजूला ठेवलं आणि प्रत्येक जागी स्वतःला एकच प्रश्न विचारला: इथे कोण, कुणासाठी, नेमकं काय करतंय? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप पुढे येत होता. बागेची आणि गाईगुरांची निगा राखतात. मुलांना सांभाळतात, पुस्तकी भाषेत त्यांचं संगोपन करतात. आजाऱ्याची शुश्रूषा करतात. काचेचं सामान असेल तर खोक्यावर 'जपून' लिहितात. पत्रावरच्या 'केअर ऑफ'ला 'द्वारा' असा नेमका शब्द आहे. इंटेन्सिव्ह केअरला मराठी वर्तमानपत्रं 'अतिदक्षता विभाग' म्हणतात. तिथे काळजी नाही, दक्षता आहे, म्हणजे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं. तरुण मुलांच्या 'आय डोन्ट केअर'ला 'मला काय त्याचं' हे चपखल बसतं. आणि निरोप घेतानाचं 'टेक केअर'? त्याचं मराठी प्रत्येक आईला पाठ आहे: "पोचलास की फोन कर."

कौन्सिलच्या ताब्यातल्या मुलांच्या जागी आम्ही तेच सरळ लिहिलं, 'ज्या मुलांना सांभाळण्याची जबाबदारी कौन्सिलने घेतली आहे.' शब्द वाढले, पण वाचणाऱ्याच्या पोटात उगीच गोळा यायला नको.

अडलं ते 'केअरर'पाशी. इथे या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले आहेत. एक, पगार घेऊन घरी किंवा केअर होममध्ये काम करणारी व्यक्ती. दुसरा, पगार न घेता आपल्याच माणसाचं सगळं बघणारा नवरा, बायको, मुलगी किंवा सून. सरकारी पत्रकात बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो, आणि आपल्या माणसांना नेमका तोच ऐकू येत नाही.

आपल्या मंडळातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. काकांना पार्किन्सन्स आहे. कौन्सिलच्या एक बाई घरी आल्या होत्या. बोलायला सोबत कुणी हवं म्हणून काकूंनी मला बोलावलं होतं. बाईंनी विचारलं, तुम्ही केअरर आहात का? काकूंना इंग्रजी चांगलं येतं. त्यांनी माझी वाट न पाहताच उत्तर दिलं, "नाही नाही. मी त्यांची बायको आहे."

बाईंचं पेन 'नाही'च्या चौकोनाकडे वळलं. मी मध्ये पडून मराठीत विचारलं, "काकू, काकांचं सगळं कोण करतं?"

"कोण करणार? मीच करते की. आंघोळ, बटणं, गोळ्या. रात्री दोनदा उठावं लागतं."

बाईंचं पेन थांबलं. पुढचा अर्धा तास त्या लिहीत होत्या.

मला त्या दिवशी आमच्या पत्रकाचा शब्द सापडला, आणि तो कुठल्याच कोशात 'केअर'समोर पहिला येणार नाही. तो आहे 'करणे'. "सासूचं तिने फार केलं." "आजोबांचं आता कोण करतं?" "शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होते, सगळं मुलीने केलं." काय केलं, हे आपण सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. बाळंतपण करतात, दुखणं काढतात, म्हातारपण निभावतात. या कामाला मराठीत नाम नाही, पदवी नाही. इतकं ते घरात मुरलेलं आहे. म्हणून 'तुम्ही केअरर आहात का' या प्रश्नाला आपल्या बायका मनापासून 'नाही' म्हणतात. त्यांच्या दृष्टीने त्या काही 'असत' नाहीत, त्या फक्त करतात.

हे फक्त आपल्याच बायकांचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. या देशात १९७६ साली घरच्या आजाऱ्याची देखभाल करणाऱ्यांसाठी 'इनव्हॅलिड केअर अलाउन्स' हा भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रिया त्यातून वगळलेल्या होत्या. त्या काय, घरीच असणार, असा हिशेब होता. जॅकलीन ड्रेक नावाच्या बाईंनी आईची देखभाल करण्यासाठी नोकरी सोडली आणि हा नियम कोर्टात नेला. युरोपियन कोर्टाने जून १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे पत्नीचं करणंही कायद्याच्या भाषेत 'केअर' ठरलं. तोच भत्ता आज 'केअरर्स अलाउन्स' म्हणून ओळखला जातो. आठवड्याला किमान ३५ तास देखभाल ही त्याची एक अट आहे. काकूंचे तास आम्ही मोजले, तेव्हा ते बुधवारीच संपले.

जनगणनेतही हा प्रश्न २००१ पासून आहे, आणि तो विचारताना शब्द जपून निवडला आहे. 'तुम्ही केअरर आहात का' असं तिथे विचारत नाहीत. आजारपणामुळे किंवा म्हातारपणामुळे कुणाला तुम्ही मदत करता का, कुणाकडे बघता का, असं विचारतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५० लाख लोकांनी त्याचं उत्तर 'हो' असं दिलं. इंग्रजी माणसालाही नामापेक्षा क्रियापदाने विचारलं की खरं उत्तर मिळतं, असंच म्हणायचं. आणि हे उत्तर मिळणं महत्त्वाचं आहे, कारण २०१४ चा केअर ॲक्ट एप्रिल २०१५ पासून लागू झाला, तेव्हापासून करणाऱ्या माणसालाही स्वतःच्या गरजा कौन्सिलकडून तपासून घेण्याचा हक्क आहे. आजारी नवऱ्याची तपासणी वेगळी, आणि तिची वेगळी.

आमच्या पत्रकात त्या ठळक चौकटीत आता असा प्रश्न आहे: 'घरात कुणाचं करावं लागतं का?'

भारतात फोन करताना आणखी दोन शब्दांपाशी थांबायला हवं. पुण्यात आजकाल रुग्णाकडे बघायला ब्यूरोमार्फत येणाऱ्या व्यक्तीला 'केअरटेकर' म्हणतात. इथे केअरटेकर म्हणजे शाळेच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते गृहस्थ. दुसरा शब्द 'नर्सिंग होम'. आपल्या गावाकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी इस्पितळ. आपल्यापैकी कित्येकांचा जन्मच तिथला. इथे नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास परिचारिका असलेलं वृद्धांचं निवासस्थान. "अमक्यांच्या वडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवलंय" असं सांगलीला कळवलं, की तिकडून विचारणा होते, "ऑपरेशन कसलं?" आणि खरा अर्थ समजावून 'वृद्धाश्रम' म्हटलं, तर पलीकडे फोनवर शांतता पसरते, कारण त्या शब्दात सोडून देणं आहे, परिचारिका नाही. आम्ही पत्रकात 'जिथे राहण्याची आणि शुश्रूषेची सोय आहे असं निवासस्थान' असं लिहिलं. लांबलचक आहे, पण कुणाच्या मुलावर आरोप करत नाही.

आतापर्यंत इंग्रजीतून मराठीत येण्याबद्दल बोलले. उलट्या दिशेने जाताना धोका जास्त आहे. आईवडिलांना कायमचं इथे आणण्याचे नियम ९ जुलै २०१२ पासून फार कडक झाले, हे आपल्यातल्या अनेकांना चांगलं ठाऊक आहे. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांसाठी त्यांना दीर्घकाळ 'पर्सनल केअर' लागते, आणि तशी 'केअर' मुलांनी पैसे पाठवले तरी तिकडे मिळू शकत नाही, हे दाखवावं लागतं. सगळं प्रकरण एका शब्दाभोवती फिरतं, आणि पुरावे मात्र मराठीत असतात.

असंच एक पत्र माझ्याकडे इंग्रजी करायला आलं होतं. साताऱ्याच्या एका शेजाऱ्यांनी मुलाला लिहिलेलं. त्यात वाक्य होतं, 'वहिनींची आम्ही सगळे मिळून काळजी घेतो, तुम्ही निर्धास्त असा.' मराठीत हे वाक्य म्हणजे शेजारधर्म आणि धीर. दुधाची पिशवी आणून देणं, गुरुवारी डबा, बँकेत सोबत. इंग्रजीत 'वुई ऑल टेक केअर ऑफ हर' असं उतरलं की तो अधिकृत कागदावर पुरावा होतो: बघा, तिकडे केअर मिळते आहे.

पण भाषांतर करणाऱ्याने पत्रात नसलेलं घालायचं नसतं आणि असलेलं गाळायचं नसतं. वाक्य सोयीप्रमाणे सौम्य करणं हा खोटेपणाच. मी त्या घरच्यांना सांगितलं, की शेजाऱ्यांनाच विनंती करा: 'काळजी' हा शब्द न वापरता तुम्ही काय करता आणि काय करत नाही, तेवढं लिहा. त्यांचं दुसरं पत्र आलं. दूध, डबा, बँक, आठवड्यातून दोनदा चौकशी. आंघोळ घालायला कुणी नाही. रात्री कुणी नाही. गोळ्या घेतल्या की नाही हे बघायला कुणी नाही. त्या पत्राचं भाषांतर करायला दहा मिनिटं लागली, कारण त्यात दोन अर्थांचा एकही शब्द उरला नव्हता. अर्जाचं पुढे काय झालं, हा त्या घराचा खासगी मामला आहे. पण कागद खरा होता.

शेवटी आपल्या गावातल्याच इस्पितळाबद्दल, कारण तिथे 'केअर'चा भाऊबंद 'कन्सर्न' भेटतो. लंडन रोडवरचं रॉयल बर्कशायर हॉस्पिटल १८३९ पासून उभं आहे. तिथे पंधराएक वर्षांपूर्वी 'कॉल फोर कन्सर्न' नावाची सोय सुरू झाली: वॉर्डात दाखल असलेल्या माणसाची तब्येत खालावते आहे आणि आपलं म्हणणं कुणी मनावर घेत नाही असं वाटलं, तर रुग्णाने किंवा घरच्यांनी अतिदक्षतेतल्या अनुभवी पथकाला थेट फोन करायचा. पुढे २०२१ साली मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी दुसऱ्या एका इस्पितळात सेप्सिसने गेली. आईवडिलांनी वेळोवेळी शंका बोलून दाखवली होती. तिला वेळीच अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत निष्पन्न झालं. तिच्या आईच्या लढ्यातून इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' सुरू झाला, आणि त्याच्या नमुन्यांपैकी एक आपल्या रीडिंगची ही सोय होती.

'कन्सर्न'ला मराठीत काय म्हणाल? 'संबंधितांस' मधला संबंधही तोच आणि आईच्या पोटातली धाकधूकही तीच. इथे अर्थ आहे 'काळजी वाटणे'. पण नुसतं "मला काळजी वाटते" म्हटलं, तर ते आईचं हळवेपण म्हणून सोडून दिलं जाऊ शकतं. म्हणून तिथेही क्रियापदाने बोलावं. "काल ते स्वतः उठून बसले होते, आज उठवलं तरी डोळे उघडत नाहीत." "सकाळपासून लघवी झालेली नाही." यात भाषांतराला काही अवघड नाही आणि ऐकणाऱ्याला पळवाट नाही.

आपल्या ज्येष्ठांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मार्थाज रूलप्रमाणे रुग्णाला दिवसातून किमान एकदा विचारायचं असतं, तुम्हाला कसं वाटतंय, बरं होतंय की बिघडतंय? आपली माणसं सवयीने म्हणतात, "ठीक आहे." मराठीत 'ठीक आहे' म्हणजे तुम्हाला त्रास नको. इंग्रजीत त्याचं 'फाइन' होतं आणि तक्त्यावर तसंच लिहिलं जातं. इस्पितळात दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि घरच्या माणसाने दुभाषा होऊ नये असंच एनएचएसचं सांगणं आहे. आजीने कुठे दुखतंय हे नातवासमोर सांगायचं टाळलं, तर तो दोष ना भाषेचा, ना नातवाचा.

आमच्या पत्रकात एकवीसपैकी तीन ठिकाणी 'केअर' तसाच ठेवला आहे: अर्जावर छापलेली नावं आहेत ती, फोनवर तशीच सांगावी लागतात. बाकी अठरा ठिकाणी अकरा वेगवेगळे मराठी शब्द बसले. त्यातला मला सगळ्यात आवडलेला 'शुश्रूषा' आहे. आपण तो घाईत 'सुश्रुषा' लिहितो, म्हणून त्याचं मूळ दिसत नाही. ते 'श्रु' या धातूत आहे, आणि शब्दाचा पहिला अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. औषधपाणी, अंथरूण-पांघरूण हे सगळं त्यानंतर येतं.

या दिवाळीत घरी फोन लावाल तेव्हा "तब्येत कशी आहे?" विचारून झालं, "ठीक आहे" ऐकून झालं, की आणखी एक प्रश्न विचारा. "तुमचं कोण करतं?" आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.